अलार्म पुसायचा नसतो

"चावी देतो आहे," काका म्हणाले.

मी चावीचं दुसरं टोक धरलं आणि "थँक्यू" म्हणालो. चावी सुटली नाही. मला वाटलं, वयामुळे बोटं आखडली असतील, म्हणून मी ती हलकेच ओढली. बोटं मुळीच आखडलेली नव्हती.

"चावी देतो आहे," ते पुन्हा म्हणाले. आवाज तोच, पट्टी तीच, चेहऱ्यावर रागलोभ काही नाही.

"हो काका, आभारी आहे."

चावी जिथल्या तिथे. बोईसरमधल्या एका तीन मजली इमारतीच्या दारात, पायाशी गादीची वळकटी आणि प्लास्टिकची बादली ठेवून, मी आणि माझे नवे घरमालक एका चावीची दोन टोकं धरून उभे होतो. जिन्यावरून दोन भाडेकरू खाली आले आणि आमच्याकडे न बघता निघून गेले. यावरूनच मला कळायला हवं होतं की इथे हे रोजचंच आहे. शेवटी आतून बाईमाणसाचा आवाज आला. "अहो भाऊ, 'चावी मिळाली' म्हणा. नाहीतर मला तुम्हा दोघांचं पान तिथेच वाढावं लागेल."

"चावी मिळाली," मी म्हणालो.

"बरोबर," काका म्हणाले, आणि चावी सोडली.

काकांची सगळी नोकरी तारापूरच्या अणुवीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. तिथे एकाने सांगितलेलं दुसऱ्याने मोठ्याने परत म्हणायचं, मग पहिल्याने 'बरोबर' म्हणायचं, आणि तोवर कुणाला काही कळलं आहे असं धरायचंच नाही. निवृत्त होताना माणसं ऑफिसातून शाल आणतात, भिंतीवरचं घड्याळ आणतात. काका ही पद्धत घेऊन आले. आणि ज्या गावात कुणी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही, त्या गावात त्यांनी ती निष्ठेने चालू ठेवली.

स्टेशनवरचे रिक्षावाले त्यांना ओळखून होते. काका बसायच्या आधीच सांगत, "नाक्यावरून डावीकडे." रिक्षावाला मागे न बघता म्हणे, "नाक्यावरून डावीकडे, काका." "बरोबर." मग रिक्षा हलायची. एकदा एका नव्या रिक्षावाल्याने नुसती मान डोलावली. काका खाली उतरले आणि रांगेतल्या पुढच्या रिक्षात जाऊन बसले. नव्या रिक्षावाल्याला इतरांनी चहा पाजून सगळं समजावलं म्हणतात.

घरात कुठल्याही बटणाला हात लावण्याआधी ते त्याच्याकडे बोट दाखवत, नाव घेत आणि मग दाबत. "पाण्याचा पंप," बोट, "चालू," खट. नळ दुरुस्तीला काढला की त्यावर लाल पुठ्ठ्याचा टॅग लटकायचा. 'काम चालू आहे. हात लावू नये.' ज्याने टॅग लावला त्यानेच काढायचा, हा नियम. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या नळाला टॅग लावला आणि काका अचानक सासुरवाडीला, अकोल्याला गेले. ते परत येईपर्यंत आम्ही सगळे खालून बादल्या भरून नेत होतो. टॅगला हात लावायची छाती एकाचीही झाली नाही. नळ चांगला दुरुस्त झालेला होता, हे नंतर कळलं.

आणि चार्ज, म्हणजे शिफ्ट बदलताना पुढच्याला सोपवायची ती जबाबदारी. काका भाजी आणायला निघाले तरी उंबऱ्यात थांबून काकूंना चार्ज देत. "गॅस बंद. गीझर बंद. दूध तापवलेलं, झाकण अर्धं. पंप अजून भरतो आहे. चार्ज देतो."

यावर काकूंनी 'चार्ज घेतला' एवढंच म्हणायचं असे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणत, "जा आता, कोथिंबीर जून आणू नका." काका थोडा वेळ उभे राहत, आशेने. मग निघत. साऱ्या बोईसरला परत म्हणायला लावणाऱ्या माणसाची ही एक हार रोज, सगळ्यांदेखत, त्या दारात होत असे.

त्या दाराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या दारापायीच घडलं.

इमारतीत वरती भाड्याच्या खोल्या होत्या. खोलीत तिघं-चौघं, कुणी लातूरचा, कुणी जळगावचा, कुणी थेट गोरखपूरचा. सगळे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत, आणि प्रत्येकाची शिफ्ट वेगळी. खोलीला चावी मात्र एकच. म्हणून चाव्या काकूंकडे. त्यांच्या दारामागे भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला एक चावी. पहिल्या शिफ्टचा जाताना लावून जाई, तिसऱ्या शिफ्टचा येताना काढून नेई. काकू दाराशी खुर्ची टाकून लसूण सोलत, तांदूळ निवडत बसलेल्या असत. चावी घेता घेता प्रत्येक जण त्यांना काहीतरी सांगून जाई. कुणाच्या बहिणीचं जमलं, कुणाचा सुपरवायझर कसा नालायक आहे, कुणाला पत्ताकोबीची भाजी कशी करायची ते विचारायचं आहे. तारापूरपलीकडच्या कोळीवाड्यातून येणारी मासेवाली मावशी तर पाटी उतरवून उंबऱ्यावरच बैठक मारी आणि दोघींच्या गप्पा, मासळीच्या आशेने बसलेलं मांजर कंटाळून निघून जाईपर्यंत चालत. दार सकाळी उघडायचं ते झोपायच्या वेळीच लागायचं.

काकूंना संधिवात होता. त्यावर ज्या गोळ्या चालू होत्या त्या सांध्यांना शांत करत, पण अंगातली प्रतिकारशक्तीही दाबून टाकत. आदल्या पावसाळ्यात कुणाचा तरी साधा फ्लू चावीबरोबर दारातून आत आला आणि काकू हॉस्पिटलात ऑक्सिजनवर गेल्या. त्यांना गाडीत घालून नेणाऱ्यांत मी होतो. काका पुढे बसले होते. रस्ताभर त्यांनी ड्रायव्हरला एकही सूचना दिली नाही, आणि त्यामुळेच मला कळलं की हा माणूस घाबरला आहे.

काकू बऱ्या होऊन आल्या. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं. काकूंनी दरवर्षी फ्लूची लस घ्यायचीच, पण या गोळ्यांमुळे ती त्यांच्या अंगात पुरती जोर धरेलच असं नाही. तेव्हा एक तर माणसांचं येणं-जाणं कमी करा, नाहीतर जे जवळ येतात त्यांनीही लस घ्यायला हवी.

मुलगा नागपूरहून फोनवर म्हणाला, "बाबा, सरळ दार लावून घ्या. चाव्यांसाठी जिन्यात पेटी बसवा. विषय संपला."

काकांनी पेटी आणलीही. पत्र्याची, कप्पेवाली, छान होती. काकूंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "म्हणजे चाव्या बाहेर आणि मी आत. मग मी कशाला बरी होऊन आले?"

काकांनी पेटी उचलली. मग ती त्यांनी माळ्यावर टाकली. मला म्हणाले, "प्लांट सुरक्षित ठेवायचा सोपा उपाय काय माहीत आहे? बंद ठेवणे. बंद प्लांटला काही होत नाही. पण मग दिवे कुठले लागणार?"

यानंतरच्या उन्हाळ्यात एकदा मी काकूंकडे चहा पीत बसलो असताना माझा फोन टुंग वाजला. मी तेव्हा एका कारखान्यात कामगार कल्याणाचं काम बघत होतो. हे कल्याण बहुतांशी नोटीस बोर्डावरच होत असे. त्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला होता की सगळ्या कामगारांच्या फोनवर एक आरोग्याचं ॲप घालायचं. गावातल्या काही दवाखान्यांनी मिळून ते काढलं होतं. ते पावसाळ्याआधी फ्लूच्या लशीची आठवण करून देई, दवाखान्यातली वेळ ठरवून देई, आणि लस टोचून झाली की नावापुढे हिरवी खूण करी. आमच्याकडे सगळ्यांनी ॲप घेतलं, कारण गेटवर मी उभा होतो. लस घ्यायला कुणी गेलं नाही, कारण दवाखान्यात मी उभा नव्हतो.

तर फोन टुंग वाजला. छत्रीचं चित्र आलं, 'पावसाळा जवळ आला, फ्लूची लस घेतली का?' मी अंगठ्याने ते बाजूला सारलं आणि चहाचा घोट घेतला.

"काय केलंस?" काका म्हणाले.

"कुठे काय?"

"आत्ता. बोटाने. काय होतं ते?"

"लस घ्या म्हणून आठवण होती. रोज येते."

"आणि तू ती पुसलीस."

त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता की मी कप खाली ठेवला.

"अलार्म पुसायचा नसतो," ते म्हणाले. मग त्यांनी मला पॅनल समजावून सांगितलं. कंट्रोल रूमच्या भिंतीवर बारीक बारीक खिडक्या असतात, प्रत्येकीवर एका यंत्राचं नाव. काही बिघडलं की ती खिडकी लुकलुकते आणि भोंगा वाजतो. माणूस बटण दाबतो. भोंगा थांबतो. "त्याचा अर्थ काय? मी ऐकलं, एवढाच. झालं असा नाही. खिडकी पेटलेलीच राहते. बिघाड निघेल तेव्हाच ती विझणार. तुमच्या या फोनवर एका अंगठ्याने भोंगाही जातो आणि दिवाही जातो. कुणी बनवलं हे?"

प्रश्न माझ्याकडे बघून विचारला होता, म्हणून मी "मी नाही" असं सांगितलं.

काकांनी माझा फोन मागितला. "फोन घेतो आहे." "फोन दिला." ते ॲप बोट दाखवत दाखवत वाचू लागले. आणि एका जागी त्यांचं बोट थांबलं. 'कुटुंबातील सदस्य जोडा.' एकाच फोनवर घरातल्या सगळ्यांची नावं घालता येत होती, म्हणजे सगळ्यांच्या आठवणी एकाच फोनवर येणार होत्या.

काका कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत होते. नव्या नाटकाचा पडदा वर जाताना पहिल्या रांगेतला माणूस बघतो तसे. मग हळूच म्हणाले, "हे पॅनल आहे."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या फोनवर ॲप घालून दिलं. मुख्य नाव काकूंचं. "जिच्यासाठी पॅनल, तिचं नाव वर," काका म्हणाले. काकूंनी एकच अट घातली. "माझं दुखणं कुणापुढे काढायचं नाही. माझ्यापायी म्हणून पोरं सुया टोचून घेतील आणि दारात येताना अंग चोरतील, ते मला नको."

"दुखणं कुणापुढे काढायचं नाही. ऐकलं," काका म्हणाले, आणि त्यांनी तो शब्द पाळला. त्यामुळे त्यांचं काम किती अवघड झालं हे मी बघितलं आहे.

ते प्रत्येक खोलीत गेले. "तुझा अलार्म माझ्या फोनवर घेऊ का?" असं विचारायचं, हो म्हणाला तर नाव आणि जन्मतारीख घ्यायची. भाडेकरूंनी हो म्हटलं. घरमालकाला लहानसहान गोष्टींत नाही म्हणून कोण वाईटपणा घेतो? पण ॲपला आणखी एक गोष्ट हवी असे. नातं. मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आई, वडील, पती, पत्नी, आणि सगळ्यांत खाली 'इतर'.

"सगळ्यांना इतर टाका काका, लवकर होईल," मी म्हणालो.

"पॅनलवर 'इतर' नावाची खिडकी नसते," काका म्हणाले. "अलार्म झाला तर धावायचं कुठे?"

आणि बोट दाखवत, मोठ्याने नाव घेत, त्यांनी एकेकाला जागा दिली. तरुण तेवढे काकूंचे मुलगे झाले. मीही झालो. धुणंभांडी करायला डोंगराकडच्या पाड्यावरून येणारी मुलगी, मुलगी झाली. गोरखपूरचा वेल्डर पन्नाशीचा होता, तो काकूंचा भाऊ झाला आणि हे कळल्यावर दोन दिवस लाजून चावी घ्यायला दुसऱ्याला पाठवत होता.

मग अलार्म वाजू लागले. छत्रीचं चित्र येई, काका चपला घालत आणि जिना चढत. दारावर टकटक. "तुझा अलार्म आला आहे."

आतला अर्धवट झोपेत म्हणे, "बरं काका."

काका उभे.

"बरं, आला. अलार्म आला आहे. ऐकलं."

"बरोबर." आणि काका खाली. भाषण नाही, भीती नाही, आग्रह नाही. दुसऱ्या दिवशी चावी घ्यायला तो आला की काका आतून तेवढंच म्हणत, "तुझी खिडकी अजून पेटलेली आहे." तिसऱ्या दिवशीही तेच, त्याच पट्टीत. जळगावचा एक जण मला म्हणाला, "भाऊ, यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी गेलोच नसतो. पण हे असं सांगतात जसं काही माझी गाडी चुकीच्या जागी लावली आहे."

खरी गंमत अशी की लशीला कुणाचाच विरोध नव्हता. प्रत्येकाचं एक काहीतरी अडलेलं होतं, आणि ते त्याला कुणी विचारलं नव्हतं. काकांनी विचारलं. वेल्डर म्हणाला, "अंकल, सुई के बाद बुखार आ गया तो हाज़िरी जाएगी."

"छुट्टी से एक दिन पहले लो," काका म्हणाले. "बुखार आया भी, तो छुट्टी में आएगा, छुट्टी में जाएगा."

"और सुई लेके भी फ्लू हुआ तो?"

"हो सकता है. पर हल्का होगा. दीवार है, जादू नहीं."

'छुट्टी से एक दिन पहले,' असं वेल्डरने परत म्हटलं आणि गेला. मग ॲपवर प्रत्येकाची वेळ त्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवसाची ठरू लागली. मी नोटीस बोर्डावर कितीतरी कागद चिकटवले होते. हे एकाही कागदाला सुचलं नव्हतं. मी कारखान्यात तेच सुरू केलं, आणि त्याचं जे कौतुक झालं ते मी गुपचूप खाल्लं.

दवाखान्यातल्या बाईंनी एकदा काकांना विचारलं म्हणे, "काका, या एका फोनवर सतरा गावचे मुलगे आहेत. तुम्हाला मुलं तरी किती?"

"सध्या एवढीच," काका म्हणाले.

एकेक खिडकी हिरवी होत गेली. काकूंची तर सगळ्यांत आधी झाली होती. काका रोज संध्याकाळी खुर्चीत बसून ती यादी वरपासून खालपर्यंत वाचत, आणि काकू लसूण सोलता सोलता म्हणत, "झालं का पारायण?"

राहिली मासेवाली मावशी. आणि तीच महत्त्वाची होती, कारण उंबऱ्यावर सगळ्यांत जास्त वेळ तीच बसे, आणि दिवसभर बाजारात शेकडो माणसांशी बोलून मग इथे येई. तिच्याकडे बटणांचा जुना फोन होता. ती म्हणाली, "मागं करोनाची घेतली तवा दोन दिस पडून होती मी. बाजार बुडला. आता नाय."

काका म्हणाले, "बाजार बुडेल. ऐकलं." आणि गप्प बसले. मला वाटलं, हरले. पण ते थांबले होते. जून लागला, मासेमारी बंद झाली, होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या आणि मावशीच्या पाटीत ताज्या मासळीऐवजी सुके बोंबील आले. आभाळ भरून येत होतं. वर दोघांना खोकला झाला होता. त्या दिवशी मावशीने पाटी उतरवली आणि काका पुढे झाले.

"होड्या वर आल्या. आता दोन दिवस घरी बसलीस तर बोंबील काही नासत नाहीत."

मावशीने कमरेवर हात ठेवले. "म्हंजे इतके दिस तू याच्यासाठी गप होतास?"

"हो."

"ताई, तुमचा नवरा लय बाराचा हाय," ती काकूंना म्हणाली.

"मला सांगतेस?" काकू म्हणाल्या.

"आनि माज्याकडं तसला फोन नाय."

"माझ्या फोनवर तुझं नाव घालतो. घालू का? बहीण म्हणून."

"कोनाची बहीन?"

"हिची."

मावशीने पदराने कपाळ पुसलं. "बघू," ती म्हणाली, "दाव तुजा फोन. कोनकोन हाय त्यात?"

काकांनी मोठ्या अभिमानाने फोन पुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं असं नाही, पण ते स्वतःच वाचू लागले. वर ताई, म्हणजे काकू. मग मुलगे. मग मुलगी. मग भाऊ, गोरखपूरवाला. सगळ्यांपुढे हिरवी खूण.

"आनि तू?" मावशी म्हणाली. "तू कोन लागतोस ताईचा, यात?"

काका यादीत वर गेले, खाली गेले. पुन्हा वर गेले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. मुलगा होता, भाऊ होता, बहिणीची जागा आता भरणार होती. पती नव्हता.

सगळी यंत्रं पॅनलवर आली होती. पॅनलसमोर उभा राहिलेला माणूस आला नव्हता. तो कधीच नसतो.

"ऑपरेटरची खिडकी नसते," काका हळू आवाजात म्हणाले. स्वतःलाच सांगितल्यासारखे.

"मंग आपरेटरला सर्दी नाय होत?" मावशीने विचारलं.

बाहेरून येणाऱ्या एकेका माणसासाठी भिंत बांधली होती, आणि जो माणूस काकूंच्या शेजारी झोपत होता, त्यांचं पाणी भरत होता, त्यांच्या गोळ्या हातावर ठेवत होता, तो भिंतीच्या आत होता, मोकळा. काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. 'फोन देतो आहे' म्हणाले नाहीत. मग ते काकूंपासून मागे सरले, एक एक पाऊल, थेट दाराबाहेर. खिळ्यांच्या रांगेत एका टोकाला तो लाल टॅग असे. जाता जाता त्यांनी तो काढला आणि आपल्या शर्टाच्या बटणात अडकवला.

'काम चालू आहे. हात लावू नये.'

"अहो, काय हे?" काकू उठल्या.

"जवळ येऊ नकोस," काका म्हणाले. "चूक माझी आहे."

मावशीने पाटी फडक्याने झाकली आणि उठली. "चल," ती म्हणाली, "मी पन येते. एकटा गेलास तर घाबरशील."

दोघं एका रिक्षात बसून दवाखान्यात गेले. मावशीची पाटी तोवर काकूंनी सांभाळली. येताना मावशी रिक्षावाल्याला सांगत होती, "नाक्यावरून उजवीकडं. काय म्हनलं मी?" आणि रिक्षावाला परत म्हणत होता.

इथवर मी हसत होतो. पुढे हसू थांबलं.

त्या संध्याकाळी काका प्रत्येक खोलीच्या दारात गेले, छातीवर लाल टॅग, आणि सांगितलं, "तुम्ही सगळ्यांनी लस घेतली. मी घ्यायला विसरलो होतो. आज घेतली. चूक माझी होती." पोरं गोंधळून गेली. कुणाला कळेना की हे आपल्याला का सांगतात. लातूरचा म्हणाला, "काका, जाऊ द्या ना, कुणाला कळलंही नसतं." काका म्हणाले, "म्हणूनच सांगायला आलो. आमच्याकडे चूक ज्याची असेल त्याने आधी सांगायची असते. कुणी विचारायची वाट बघायची नसते." मी आयुष्यात मोठमोठ्या खुर्च्यांवरची माणसं पाहिली आहेत. भाड्याने राहणाऱ्या पोरांच्या दारात उभं राहून असं बोललेला माणूस हा एकच.

लस घेतली म्हणजे भिंत लगेच उभी राहत नाही, तिला दोनेक आठवडे लागतात, असं दवाखान्यात सांगितलं होतं. तेवढे दिवस काका माझ्या खोलीत राहायला आले. टॅग शर्टावर. शर्ट बदलला की टॅग नव्या शर्टावर. पंख्याकडे बोट दाखवून "पंखा, चालू" म्हणत, आणि मी "चालू, ऐकलं" म्हणत असे. जेवायला खाली जात, पण दाराबाहेर पायरीवर बसत आणि काकू आतून ताट सरकवत. पायरीवरून आत गप्पा चालत. वर्षानुवर्षं घरात शेजारी बसून झाल्या नव्हत्या तेवढ्या. मुलाखतीला आल्यासारखे काका आधी दार वाजवत, आणि काकू म्हणत, "कोण पाहिजे?" मला वाटतं दोघांना ते आवडायला लागलं होतं. पण काकांनी एकदाही उंबरा ओलांडला नाही.

मी आता पालघरला राहतो, कोळगावच्या बाजूला. माझा फोन माझा आहे, ॲप माझं आहे. तरी दर वर्षी उन्हाळा सरता सरता काकांचा फोन येतो. "तुझा अलार्म आला आहे." मी मीटिंगमध्ये असलो तरी उठून बाहेर जातो आणि परत म्हणतो. कारण त्या फोनवरून माझं नाव काढून टाका असं मी कधी म्हटलेलं नाही, आणि तेही काढत नाहीत. नावापुढे 'मुलगा' आहे.

पण मला सांगायचंय ते त्या पायरीवरच्या शेवटच्या दिवसाचं.

मुदत सरली. पाऊस मस्त लागला होता. दुपारी काका अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, त्यावर टॅग लावून खाली आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. काकू खुर्चीत होत्या, मावशी उंबऱ्यावर. मी जिन्यात. काकांनी टॅगला हात घातला. लावणाऱ्यानेच काढायचा, हा त्यांचाच नियम. पण हात तिथेच थांबला. माझ्या खोलीतून येतानाच त्यांनी काहीतरी ठरवलं असावं.

"एक बदल केला आहे," ते म्हणाले. "यादीत माझं नाव घातलं. पती म्हणून. माझा अलार्म मी ऐकायचा नाही. ज्याचं त्यानेच बघितलं की राहून जातं." त्यांनी फोन आत धरला. "पॅनल तुझ्याकडे. चार्ज देतो."

काकूंच्या मांडीवर लसूण होता. आता त्या म्हणणार, जा आता, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. काका नेहमीसारखे थोडा वेळ उभे राहिले, आशेने.

काकू उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवत, सावकाश. दारापर्यंत आल्या. फोन घेतला. मग काकांच्या शर्टावरचा लाल टॅग स्वतःच्या वाकड्या झालेल्या बोटांनी, वेळ लावून, बटणातून सोडवला आणि खिळ्याला अडकवला.

"चार्ज घेतला," त्या म्हणाल्या.

काकांनी 'बरोबर' म्हणायला तोंड उघडलं. पण ते नुसतेच उंबरा ओलांडून आत गेले.

तेवढ्यात गोरखपूरचा वेल्डर भिजत भिजत शिफ्टवरून आला. दारात काय झालं याचा त्याला पत्ता नव्हता. "आंटी, चाबी," म्हणत त्याने हात पुढे केला. काकूंनी खिळ्यावरून चावी काढली, त्याच्या हातात ठेवली, आणि सोडली नाही.

"चावी देते आहे," काकू म्हणाल्या.

वेल्डरने एकदा काकूंकडे बघितलं, एकदा आत खुर्चीवर बसलेल्या काकांकडे.

"मिल गई, दीदी," तो म्हणाला. "चाबी मिल गई."